मागच्या चाकांशी छत्तीसचा आकडा

आमच्या गाडीच्या चाकांत हवा किती असावी, हे मला गाडी घरी आली त्या दिवसापासून ठाऊक आहे. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबाच्या खालच्या अंगाला एक छोटा स्टिकर आहे. त्यावर दोन रकाने. माणसं दोन-तीनच असतील तर पुढे 33 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप; बोलताना नुसतं 'पॉइंट'), मागे 33. गाडी भरलेली असेल तर पुढे 33, मागे 36. बाजूला तेच किलोपास्कलमध्ये, 230 आणि 250. बस्स. दुसऱ्या एखाद्या गावात विषय इथेच मिटला असता आणि मी डासांवर लेख लिहिला असता.

पण आम्ही बेळगावात राहतो. इथे कुठल्याही गोष्टीवर तीन मतं असतात: एक मराठी, एक कन्नड आणि एक गोव्याहून सुट्टीला आलेल्या पाहुण्याचं. सीमाप्रश्न 1956 पासून लोंबकळतोय, 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, आणि त्याबाबत लोकांनी धीर धरलाय. हवेच्या बाबतीत धीर कुणालाच नाही. निकाल जागच्या जागी लागतो, कंप्रेसर धडधडत असतानाच. स्टिकरची साक्ष कुणी काढत नाही. मी काढली तर ठरलेलं उत्तर येतं, "ते कंपनीचं झालं ओ. आपल्या रस्त्यांचं काय?"

सुरुवात घरातूनच होते. आप्पांचा आकडा 24. त्यांच्या तरुणपणी घरात फियाट होती, तिच्यात ते 24 घालायचे, आणि फियाटने त्यांना आयुष्यात कधी दगा दिला नाही (दिला; पण तो विषय घरात काढायचा नसतो). त्या काळचे टायर वेगळे होते. आतले धागे तिरके, एकमेकांवरून गेलेले, बाजूच्या भिंती ताठ. आताचे रेडियल. धागे या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ आडवे, वरून पोलादी पट्टे, भिंती मऊ. त्यामुळे हवा बरोबर असली तरी रेडियल टायर जमिनीपाशी थोडा फुगलेला दिसतो. आप्पा सकाळी तुळशीला पाणी घालून येतात, चाकासमोर उकिडवे बसतात आणि म्हणतात, "चाक बसलंय रे. हवा नाही त्यात." मी गेज लावून दाखवतो. 33. "33? एवढी कशाला घातलीस? फुटेल की!" एकाच चाकात एकाच वेळी हवा कमी आणि जास्त असू शकते, हे फक्त आप्पांनाच दिसतं.

शेजारचे सुभेदारकाका मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेत. त्यांना गेज लागत नाही. ते येतात, चाकाला बुटाची एक लाथ घालतात, आवाज ऐकतात आणि आकडा सांगतात. आकडा रोज बदलतो, लाथ तीच. 33 आणि 26 मधला फरक डोळ्याला दिसत नाही आणि बुटाला कळत नाही, हे मी त्यांना सांगू शकत नाही, कारण ते सुभेदार आहेत आणि मी बँकेत होतो. काकांची नोकरी बरीचशी राजस्थानात झाली. वाळूत गाडी रुतायला लागली की हवा सोडायची, चाक पसरतं, वाळूवर तरंगतं, गाडी निघते. हे शंभर टक्के खरं आहे. फक्त काकांचं मत असं की आमचा खानापूर रोडसुद्धा त्याच वर्गात मोडतो. "20 वर आणा. मग बघा."

आणि मेव्हणा. मेव्हणा कोल्हापूरचा. कर्नाटकात पेट्रोल स्वस्त, म्हणून तो टाकी रिकामी करत येतो आणि तुडुंब भरून परत जातो. पेट्रोल आमच्या बाजूचं, सल्ला त्याच्या बाजूचा. "दाजी, 40 टाका. गाडी नुसती पळतीया बघा. ॲव्हरेजला नाद खुळा." त्याचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, आणि अर्धं बरोबर असलेल्या माणसाशी वाद घालणं फार कठीण असतं. हवा वाढली की चाक कमी चेपतं, रस्त्याला कमी घासतं, पेट्रोल थोडं वाचतं. पण मग टायर मधल्या पट्ट्यावरच चालतो, तिथेच झिजतो, ब्रेक मारला की पकड कमी, आणि प्रत्येक खड्डा जसाच्या तसा मणक्यापर्यंत पोचतो. मेव्हण्याला मणका नसावा. तो 40 घालून तवंदी घाट उतरतो आणि घरी पोचल्यावर फोन करून ॲव्हरेज सांगतो.

एकदा रात्री झोप येईना म्हणून मी हे गणित कागदावर मांडलं. माणसं धरून गाडी साधारण हजार किलो. चार चाकं, म्हणजे एका चाकावर अडीचशे. 33 पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या थोडं वर. अडीचशेला त्याने भागलं की येतात शंभर-एकशे दहा चौरस सेंटिमीटर. म्हणजे एक तळहात. अख्खं कुटुंब, आत्याने दिलेली लोणच्याची बरणी आणि हप्ते न फिटलेली गाडी, हे सगळं चार तळहातांवर रस्त्याला टेकलेलं असतं. 40 घातलं तर तो तळहात आक्रसतो, 24 घातलं तर पसरतो. पसरलेला बरा असं वाटेल, पण मग टायरच्या दोन्ही कडा झिजतात, आणि मुख्य म्हणजे भिंती प्रत्येक फेऱ्याला वाकतात, वाकून वाकून तापतात. मी कागद आप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि म्हणाले, "अक्षर सुधारलंय तुझं."

तापण्यावरून आठवलं. एप्रिल आला की आमच्या कट्ट्यावर एक लाट येते, 'उन्हाळ्यात दोन-चार पॉइंट कमी ठेवायचे'. कारण काय, तर हवा तापून फुगते आणि टायर फुटतो. ऐकायला इतकं शहाण्यासारखं आहे की मी स्वतः दोनदा विचार केला. पण हायवेवर टायर फुटतो तो बहुधा हवा कमी असल्याने. कमी हवेत भिंती जास्त वाकतात, जास्त तापतात, आणि शंभरच्या वेगात कधीतरी हात टेकतात. टायर तापणार हे धरूनच तो आकडा ठरवलेला असतो. हे मी कट्ट्यावर सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकाने विचारलं, "मग तू किती कमी ठेवतोस बे?"

त्याच कट्ट्यावरचा एक मित्र खाली वाकून टायरच्या भिंतीवरचं वाचू लागला. "हे बघ की! इथं छापलंय, 51. आणि तू 33 घेऊन काय बसलास?" भिंतीवरचा 51 हा टायर सोसू शकेल तो सगळ्यात वरचा दाब. लिफ्टमध्ये 'आठ माणसे' लिहिलेलं असतं म्हणून आपण तळमजल्यावर थांबून आठ माणसं गोळा करत नाही. पण मित्राला आता वाचायची गोडी लागली होती. "165/80 आर 14. 85टी." मी सांगितलं, 165 ही रुंदी मिलिमीटरमध्ये, 14 हा रिमचा व्यास इंचांत, 85 म्हणजे एका टायरला 515 किलो वजन चालतं, टी म्हणजे ताशी 190 पर्यंत. "आणि हे 2319?" म्हटलं, 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालाय. तो दचकून मागे सरकला. "म्हणजे लॉकडाऊनच्या आधीचा? आणि तू त्याच्यात हवा भरूलास?"

नायट्रोजनचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे पैसे जातात. टायरच्या एका चकचकीत दुकानात, एसी असलेल्या, मला नायट्रोजन घालायला सांगण्यात आलं. व्हॉल्व्हला हिरवी टोपणं मिळतात. फुकट हवेत 78 टक्के नायट्रोजन आधीच असतो, हे मला शाळेत शिकवलेलं. म्हणजे मी पैसे मोजणार ते उरलेल्या बावीस टक्क्यांचे. विमानाच्या चाकांत नायट्रोजन घालतात हे खरं. त्यात पाण्याचा अंश नसतो, आणि विमानाला ते हवंच. आमची गाडी सांबऱ्याच्या विमानतळापर्यंत जाते, पुढे नाही. बायकोला मात्र हिरवी टोपणं आवडली. तेवढीच वेगळी मिळतात का विचारलं, तर दुकानदाराने एसी बंद केल्यासारखा चेहरा केला.

खरा छळ आकड्याचा नाही, वेळेचा आहे. स्टिकरवरचा आकडा थंड चाकाचा असतो. थंड म्हणजे गाडी तीन तास उभी असेल, किंवा फार तर दोनेक किलोमीटर चालली असेल. कंप्रेसर मात्र कुणाच्या अंगणात नसतो. आमच्यापासून पंप दीड किलोमीटरवर, म्हणजे नियमात बसतो, पण मध्ये टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट आहे. गेट पडतं. एक मालगाडी जाते. आता उघडेल म्हणून सगळे स्टार्टर मारतात, तेवढ्यात दुसऱ्या बाजूने पॅसेंजर येते. तीन तासांचा नियम कुणीतरी या गेटात उभं राहूनच लिहिला असावा. त्यातही उजवीकडची दोन चाकं उन्हात, डावीकडची सावलीत. उन्हातली एखाद-दोन पॉइंट वर चढलेली. ही चार चाकं आता एकमेकांना ओळखणार नाहीत.

पंपावर हवेचा कोपरा नेहमी बाथरूमच्या शेजारी असतो. हवा फुकट. तिथला पोरगा चांगला आहे, पण त्याचं स्वतःचं एक तत्त्व आहे.

"एष्टु सर?"

"मूवत्तमूरु," मी म्हणतो. 33. आमच्या भागात दुकानातलं कन्नड सगळ्यांना येतं.

"मूवत्तैदु हाकतेन्री. एनू आगूदिल्री." पस्तीस घालतो, काही होत नाही.

मी म्हणतो, 33. तो म्हणतो, बरं. मशीनवर 35 लावतो. त्याच्या दृष्टीने 33 हा आकडा नाहीच. आकडे म्हणजे तीस आणि पस्तीस, मधले चिल्लर. मारुती असो, जीप असो, लग्नाची सजवलेली गाडी असो, सगळ्यांना पस्तीस. पंपावरून निघताना मी जाणवेल न जाणवेल असा दोन पॉइंटांनी उंच झालेला असतो. मग घरी येऊन माझ्या खिशातल्या गेजने व्हॉल्व्हची पिन दाबून दोन पॉइंट सोडायचे. टुस्स. ते पाहून आप्पा वरून ओरडतात, "हवा कशाला सोडूलास? विकत आणलीस ना?"

हायवेवर याच्या उलट. कोल्हापूरहून परतताना निपाणीला चहाला थांबलो की शेजारचा पंक्चरवाला मायेने गेज लावतो. हायवेवर पळालेलं चाक चार-पाच पॉइंट चढलेलं असतं. 37-38. "लई झालंय ओ साहेब, कमी करतो." इथे मी अक्षरशः चाक आणि तो यांच्या मध्ये उभा राहतो. आत्ता 33 वर आणलं, तर सकाळी थंड झाल्यावर तेच 28 दिसणार. तो म्हणतो, "माझं काय नाही, तुमच्या जिवासाठी म्हणतोय." आमच्या बाजूचे पोरगे घालतात आणि निपाणीवाले काढतात, मध्ये राहणाऱ्या माणसाने आकडा राखायचा कसा?

गोव्याची बाजू राहिलीच. डिसेंबरात आम्ही चोर्ल्याच्या घाटाने पणजीला जाणार होतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास. म्हणजे इथे बाहेरच्या हवेचा दाब पणजीपेक्षा पीएसआयच्या हिशेबात एकापेक्षा थोडा जास्तच कमी. गेज काय दाखवतं? आतला दाब वजा बाहेरचा दाब. घाट उतरला की बाहेरचा वाढतो, आतला तोच, म्हणजे गेजवर आकडा सवा पॉइंटने पडणार. पण पणजीला गरम. दर पाच-सहा अंशांना एक पॉइंट चढतो. आमची डिसेंबरातली सकाळ आणि तिथली सकाळ यांत तेवढा फरक सहज. म्हणजे घाटाने घेतलेला पॉइंट गोव्याने परत दिला. हे मी बायकोला जेवणाच्या टेबलावर मीठदाणी आणि वाटी मांडून समजावलं. घाट वरणाच्या पातेल्यापासून सुरू होत होता.

ती म्हणाली, "म्हणजे काय करायचं आपण?"

"काहीच नाही. आहे तसं ठेवायचं."

"मग वरण गार का केलंत?"

हवेचा टायर 1888 साली बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या पोराच्या तीनचाकीला बसवून यशस्वी केला. त्याच्याही चाळीसएक वर्षं आधी, 1845 मध्ये, थॉमसन नावाच्या एकाने पेटंट घेऊन ठेवलं होतं, पण ते कुणाच्या लक्षात नव्हतं. माझी खात्री आहे, डनलॉपच्या गल्लीत सुभेदारकाका नव्हते. तो शहापुरात राहत असता तर ती तीनचाकी अजून दारातच उभी असती आणि भोवती माणसं.

आता मूळ दुखण्याकडे येतो. ते म्हणजे दुसरा रकाना. 33 बद्दल मी सगळ्यांशी लढलो आणि साधारण जिंकलो. पण 'गाडी भरलेली' म्हणजे काय? मेव्हण्याने कोल्हापुरात घर बांधलं, वास्तुशांत ठरली. मागच्या चाकांत 36 घालायचं की 33 ठेवायचं, हे ठरवायला कोण कोण येणार हे कळायला हवं. मराठी घरात समारंभाला कोण येणार हे समारंभ झाल्यावर कळतं.

मी वही काढली. मी, बायको, आप्पा. सुभेदारकाकांना संकेश्वरपर्यंत सोडायचं. आत्या. पाच. शिवाय सामान: बेळगाव बासमतीचं दहा किलोचं पोतं, कुंद्याचे डबे, रताळी, आणि येताना संकेश्वरी मिरची, पण ती परतीच्या रकान्यात. मी फोन करून आत्याला सहज विचारलं, "आत्या, वजन किती गं तुझं?"

पलीकडे शांतता. मग, "का रे? कुठं पाठवणार आहेस मला?"

"गाडीच्या हवेसाठी."

"माझ्या वजनाने हवा जाते होय तुझ्या गाडीची?"

मी समजावलं की जात नाही, उलट जास्त घालावी लागते. याने मदत झाली नाही. शेवटी ती म्हणाली 58. हे आत्याच्या लग्नातलं वजन आहे, आणि तेव्हापासून ते तिने कुणाला बदलू दिलेलं नाही. आप्पांनी बाजूने सुचवलं, "तिच्या आकड्यात 24 मिळव." इथे मात्र त्यांचा 24 बरोबर बसत होता. फोन स्पीकरवर होता.

सकाळी सहाला, चाकं थंड असताना, मी अनगोळला आमच्या ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे पोचलो. तो मराठी, शांत, आणि साडेपाचलाच दुकान उघडतो. "मागे 36," मी म्हटलं. त्याने काही न बोलता 36 घातलं. मी त्याच्यावर जीव ओवाळून टाकणार, तेवढ्यात बायकोचा फोन. आत्या येत नाही. स्पीकरवरचं तिने ऐकलं. आणि आत्या येत नसेल तर आप्पाही येत नाहीत, कारण चूक त्यांची असली तरी राग त्यांना आलाय. सुभेदारकाकांना कुणाची तरी बुलेट मिळाली. उरलो आम्ही दोघं आणि बासमती. पहिला रकाना.

"33 करा ओ मागे," मी म्हटलं. तो बसला, पिन दाबली. टुस्स. डावं चाक झालं. उजव्याला हात लावला आणि पुन्हा फोन. आप्पांनी आत्याला फोन केला होता. दोघं रडली. आता आत्या येतेय, आप्पा येतायत, आणि आत्या शेजारच्या कमलाकाकूंना घेऊन येतेय, त्यांना महालक्ष्मीचं दर्शन घ्यायचंय.

"थांबा. परत 36."

त्याने पाइप उचलला. आता डाव्यात 33, उजव्यात 36. कंप्रेसर सुरू केला. पट्टा फिरायला लागला, सगळं दुकान थरथरलं. त्या आवाजात मी ओरडून बायकोला विचारलं, कमलाकाकू म्हणजे त्या बारीक, की त्या दुसऱ्या? तीही ओरडून म्हणाली की त्या दुसऱ्या, पण त्यांचं अजून नक्की नाही, त्यांच्याकडे पाणी यायचंय, पाणी आलं की सांगतील.

पंक्चरवाल्याने कंप्रेसर बंद केला. पाइपची गुंडाळी करून खिळ्याला अडकवली आणि माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.

"माणसं नक्की करून या की ओ आधी," तो म्हणाला. "हवा काय, हितंच हाय."